अब्दुल करीम खाँ : ज्यांच्या गळ्यातला सूर एका डेप्युटी कलेक्टरने मोजायला घेतला

यूट्यूबवर एक जुनी रेकॉर्ड आहे. खरखर आवाज येतो, लांबी जेमतेम तीन मिनिटं. झिंझोटी रागातली ठुमरी आहे आणि गाणारा माणूस १९३७ साली वारलाय. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला शब्द धड कळत नाहीत. तरीही रेकॉर्ड संपते तेव्हा घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. खाली कमेंटमध्ये ज्यांना हिंदीचा गंध नाही अशा लोकांनीसुद्धा हेच लिहिलेलं असतं.

शब्द न कळता गाणं कसं कळतं? आपला मेंदू बोलणं एकीकडे आणि सूर दुसरीकडे ऐकतो का?

या प्रश्नावर आज जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये काम चाललंय. पण सूर म्हणजे नेमकं काय आणि तो कानाला किती बारीक कळतो, हे मोजायचा एक मोठा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वी आपल्या सांगली-मिरज-सातारा पट्ट्यात झाला होता. मोजणारा होता एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर. सोबतीला होता एक इंग्रज न्यायाधीश. आणि ज्याच्या गळ्याचा आधार घेऊन हे सगळं चाललं होतं ते गवई म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

कैराना ते बडोदा

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा. गाव कैराना. हे आजच्या उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यात येतं. किराणा घराणं हे नाव या गावावरून आलं, वाण्याच्या दुकानाशी त्याचा काही संबंध नाही.

घरात गाणं-बजावणं पिढीजात. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे शिक्षण झालं. गळ्यासोबत सारंगी आणि बीन हातात आली. ही दोन्ही वाद्यं महत्त्वाची आहेत. सारंगीला पडदे नसतात, बोट कणभर सरकलं की सूर बदलतो. त्यामुळे अशा घरातल्या पोराचा कान लहानपणापासूनच बारीक फरकांना सरावतो. खाँसाहेबांना वाद्यं दुरुस्त करण्याचाही भारी नाद होता. तंबोऱ्याची जवारी लावणं हे त्यांचं आवडतं काम.

पुढे भाऊ अब्दुल हक यांच्यासोबत गात गात ते बडोद्याला पोचले. सयाजीराव गायकवाडांचा तो काळ. दरबारात दोघा भावांच्या गाण्याचं नाव झालं. तिथेच ताराबाई माने त्यांच्याकडे गाणं शिकू लागल्या. राजघराण्याच्या नात्यातल्या सरदार मारुतीराव माने यांच्या त्या कन्या.

शिकवता शिकवता दोघांचं प्रेम जमलं. एक मुसलमान गवई, एक मराठा सरदाराची मुलगी आणि काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा. बडोद्यात राहणं शक्यच नव्हतं. दोघांनी शहर सोडलं. खाँसाहेबांचं आधी एक लग्न झालेलं होतं. ती पत्नी म्हणजे किराणा घराण्याचेच दुसरे मोठे गवई अब्दुल वहीद खाँ यांची बहीण. त्यामुळे या लग्नाने त्यांचे बडोद्याशी आणि स्वतःच्या घराण्यातल्या माणसांशी, असे दोन्हीकडचे संबंध तुटले.

मिरज हेच गाव झालं

मुंबई आणि मग दक्षिण महाराष्ट्र असं फिरत खाँसाहेब मिरजेला स्थिरावले. मिरजेत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा दर्गा आहे. प्लेगच्या साथीत खाँसाहेब आजारी पडले, दर्ग्यात जाऊन गायले आणि बरे झाले, अशी आठवण मिरजेत सांगतात. आठवण खरी असो वा नसो, त्या दर्ग्यावरची त्यांची श्रद्धा शेवटपर्यंत टिकली.

मिरज त्यांना मानवलं त्यामागे आणखी एक कारण सांगता येईल. हे तंतुवाद्यांचं गाव. तलवारी आणि हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी इथे सतार आणि तंबोरे बनवायला सुरुवात केली होती. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला, त्याची मुळं त्या काळात आहेत. वाद्य उघडून बसणाऱ्या गवयाला याहून चांगला शेजार कुठला मिळणार?

या भागात फिरताना त्यांनी ज्यांना शिकवलं त्यातली दोन नावं पाहा. कोल्हापुरात आठ-नऊ वर्षांची एक गोव्याची मुलगी काही महिने त्यांच्याकडे शिकली. ती म्हणजे केसरबाई केरकर. पुढे त्या दुसऱ्या घराण्याच्या झाल्या आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांचा आवाज गेला. दुसरा विद्यार्थी होता धारवाडजवळच्या कुंदगोळचा रामभाऊ. तोच पुढचा सवाई गंधर्व.

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. एका मुसलमान उस्तादाने शाळेला आर्य हे नाव दिलं, यातून त्या काळाबद्दल आणि त्यांच्या स्वभावाबद्दल बरंच कळतं. गरीब घरची मुलं तिथे राहून शिकायची. शाळेचा खर्च खाँसाहेब तिकीट लावून केलेल्या जलशांमधून काढायचे. त्यांच्याकडे टिपू नावाचा कुत्रा होता आणि त्यालाही त्यांनी सुरात आवाज लावायला शिकवलं होतं, हा किस्सा आजही सांगितला जातो.

सूर मोजायला निघालेला डेप्युटी कलेक्टर

आता येऊ मूळ गोष्टीकडे.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे. सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर होऊन निवृत्त झालेले. त्यांना एका प्रश्नाने पछाडलं होतं. भरताच्या नाट्यशास्त्रात लिहिलंय की एका सप्तकात २२ श्रुती असतात. सा च्या चार, रे च्या तीन, ग च्या दोन, म च्या चार, प च्या चार, ध च्या तीन आणि नि च्या दोन. बेरीज बरोबर २२. पण या २२ जागा नेमक्या कुठे आहेत? आणि आजचा गवई गातो तेव्हा त्या खरंच त्याच्या गळ्यातून निघतात का?

हा प्रश्न तेव्हाच का पेटला हे समजून घ्यायचं तर युरोपात डोकवावं लागेल.

जर्मनीत हेल्महोल्ट्झ नावाचा शास्त्रज्ञ होता. तो डॉक्टर होता आणि भौतिकशास्त्रज्ञही. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने धावतो हे त्याने बेडकाच्या पायावर प्रयोग करून मोजलं होतं. १८६३ मध्ये त्याचं सुरांच्या संवेदनेवरचं मोठं पुस्तक आलं. एकच सूर सतारीचा वेगळा आणि बासरीचा वेगळा का वाटतो, आपण आ आणि ई हे स्वर वेगळे कसे ओळखतो, दोन सूर एकत्र गोड का लागतात, हे सगळं त्याने कंपनांच्या हिशोबात मांडलं. आपला कान आवाजाची फोड करतो, हा त्याचा मुद्दा. बोलणं आणि संगीत या दोन्हींचा अभ्यास एकाच माणसाने एकाच पुस्तकात केला होता.

१८७५ मध्ये अलेक्झांडर एलिस याने हे पुस्तक इंग्रजीत आणलं. सुरांमधलं अंतर मोजायचं सेंट हे मापही याच एलिसने रूढ केलं. एक सप्तक म्हणजे १२०० सेंट. पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट. सुरांना पहिल्यांदाच हाताला धरता येईल अशी फूटपट्टी मिळाली होती.

इंग्रजी शिकलेल्या देवलांच्या पिढीपर्यंत हे पोचलं आणि त्यांना वाटलं, मग आपला सूर का मोजू नये?

हिशोब दिसायला सोपा आहे. समजा, सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला. तार अर्ध्यावर दाबली की वरचा सा येतो, ४८० कंपनांचा. दोन तृतीयांशावर दाबली की पंचम येतो, ३६० चा. चार पंचमांशावर दाबली की गंधार येतो, बरोबर ३०० चा. तारेची लांबी मोजली की सूर मोजला.

पण गवई गाताना तो मोजायचा कसा? त्या काळात मोबाईल ॲप नव्हतं की ट्यूनर नव्हता. गवयाने सूर लावायचा, तो स्थिर धरायचा आणि तार त्याच्याशी जुळवायची. यासाठी गळा असा हवा की सूर एकदा लावला की तो हलणार नाही, आणि दहा वेळा लावला तरी तिथेच लागेल.

असा गळा मिरजेत होता.

देवलांचं हिंदू संगीताची स्वरपंक्ती आणि २२ श्रुती यांवरचं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये पुण्यातून निघालं. अब्दुल करीम खाँ हे त्या कामातले त्यांचे मुख्य साथीदार. त्या काळात बहुतेक उस्ताद आपली चीज दुसऱ्याच्या कानावर पडू नये म्हणून जपायचे. तिथे हा माणूस आपला गळाच तपासणीसाठी पुढे करत होता. गाण्यामागे शास्त्र आहे आणि ते जगाला दाखवता येतं, याची त्यांना मनापासून ओढ होती.

अडीच कंपनांचं भांडण

देवलांना तिसरा भिडू मिळाला अर्नेस्ट क्लेमंट्स. हा आयसीएस अधिकारी, पेशाने न्यायाधीश. भारतीय संगीतावरचं त्याचं पुस्तक १९१३ मध्ये लंडनमध्ये छापून आलं. देवल आणि क्लेमंट्स यांनी मिळून एक वेगळीच पेटी तयार करवून घेतली. तिचं नाव श्रुती हार्मोनियम. साध्या पेटीत सप्तकाला १२ सूर. या पेटीत २२ श्रुती वाजतील अशी सोय.

साध्या पेटीत काय बिघडलं होतं?

युरोपातून आलेल्या पेटीत सप्तकाचे १२ अगदी सारखे भाग केलेले असतात. कुठल्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून ही तडजोड. त्यामुळे सा २४० चा असेल तर पेटीचा गंधार ३०० ला न येता ३०२.४ ला येतो. फरक फक्त अडीच कंपनांचा. बाजारातल्या माणसाला तो कळणारही नाही. पण तंबोरा वाजत असेल तर गोष्ट बदलते. नीट जवारी लावलेल्या तंबोऱ्यात सा च्या तारेतून दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूरही उमटत असतात. त्यातलं पाचपट म्हणजे गंधार. तंबोऱ्यात गंधाराची तार नसतानाही गंधार ऐकू येतो असं गवई म्हणतात, ते हेच. हा गंधार ३०० च्या जातीचा असतो. पेटी ३०२.४ वर बसली की दोघांत घासाघीस सुरू होते. सुराला सरावलेल्या माणसाला ती दातात खडा आल्यासारखी वाटते.

खाँसाहेबांची सगळी गायकी या एका गोष्टीवर उभी होती. गंधार लावायचा तर तंबोऱ्यातल्या गंधारात विरघळवायचा.

पण पुढे वाद झाला.

१९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. विष्णु नारायण भातखंडे हे तिच्यामागचे मुख्य सूत्रधार. श्रुतींचा प्रश्न तिथे चर्चेला आला, श्रुती हार्मोनियम वाजवून दाखवली गेली, पण जाणकारांनी ती मानली नाही. देवल-क्लेमंट्स यांच्या मांडणीला भातखंड्यांचा विरोध होता. जुन्या ग्रंथातल्या श्रुती आजच्या रागांवर गणिताने बसवता येत नाहीत, असं त्यांचं मत. रागांचं वर्गीकरण करायला त्यांना १२ सूर पुरेसे वाटत होते.

कोण बरोबर होतं?

यात दोन्ही बाजूंना थोडं थोडं श्रेय जातं. श्रुतींमधला बारीक फरक माणसाच्या कानाला कळतो, हे देवलांचं म्हणणं टिकलं. शुद्ध गंधाराच्या दोन शक्य जागा, ३०० आणि ३०३.७५, यांत साधारण २२ सेंटचं अंतर आहे. तयार कानाला याहून लहान फरकही ओळखता येतात. पण श्रुती म्हणजे पेटीच्या पट्टीसारख्या ठोकून बसवलेल्या २२ जागा, ही कल्पना टिकली नाही. १९६३ मध्ये नझीर जैराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी यंत्रावर प्रत्यक्ष मैफलीतले सूर मोजले. तेव्हा दिसलं की एकाच कलाकाराचा एकाच रागातला गंधारसुद्धा दर वेळी तिथल्या तिथे नसतो. आजूबाजूच्या सुरांनुसार तो थोडा वर-खाली होतो. सूर हा ठिपका नसून तिथवर जायचा रस्ताही सुरात धरला जातो, हे गवयांना कळत होतं. मापात पकडायला मात्र वेळ लागला.

पेटीचं काय झालं? देवल-क्लेमंट्स यांची श्रुती हार्मोनियम चालली नाही. पण पेटीबद्दलची तक्रार गेली नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती उठायला १९७१ साल उजाडलं.

घर फुटलं

इकडे मोजमापाचे वाद चालू असताना खाँसाहेबांच्या घरात मोठी पडझड झाली.

ताराबाईंना पाच मुलं. अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, अब्दुल हमीद आणि सकिना. पहिल्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत ताराबाईंनी नवऱ्याचं घर सोडलं आणि पाचही मुलांना सोबत नेलं. ज्या माणसासाठी बडोदा सोडलं त्यालाच त्या सोडून निघाल्या होत्या. मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचा सुरेशबाबू माने झाला. चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली. गुलाबची कमलाबाई, अब्दुल हमीदचा कृष्णराव आणि सकिनाची सरस्वती. हीच पुढे सरस्वतीबाई राणे.

वडिलांचं नाव गेलं, पण गाणं राहिलं.

हिराबाईंनी पुढची तालीम कुणाकडे घेतली? अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे. म्हणजे ज्यांच्या बहिणीला सोडून वडील निघाले होते त्याच उस्तादाकडे. तरीही हिराबाईंच्या आवाजातली शांतता आणि सूर लावायची पद्धत ऐकली की लोकांना अब्दुल करीम खाँ आठवायचे. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्री गायिकांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. सुरेशबाबूंनी प्रभा अत्रेंसारख्या शिष्या घडवल्या.

या फुटीनंतर पुण्यातली शाळाही मागे पडली. खाँसाहेब मिरजेतून पुन्हा दौरे करू लागले. दक्षिणेत त्यांची वर्दळ वाढली. म्हैसूरच्या दरबारात त्यांना मान होता. कर्नाटक संगीत त्यांनी कुतूहलाने ऐकलं, त्यातली सरगम आपल्या गाण्यात आणली आणि त्यागराजांची एक रचनाही रेकॉर्ड केली. उत्तरेतला एक उस्ताद तेलुगू रचना गातोय, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

१९३० च्या दशकाच्या मध्यावर ओडियन कंपनीने त्यांच्या रेकॉर्ड काढल्या. तेव्हा ते साठीत होते. तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडायचा होता. झिंझोटी आणि भैरवीतल्या ठुमऱ्या घरोघर पोचल्या. संगीत मानापमान नाटकातलं देवगंधारातलं पदही त्यांनी गाऊन ठेवलं. कर्नाटकातल्या गदगमध्ये एका शाळकरी पोराने त्यांची रेकॉर्ड ऐकली आणि असंच गायला शिकायचं म्हणून तो घरातून पळाला. त्याचं नाव भीमसेन जोशी. फिरत फिरत शेवटी तो पोचला खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे.

शब्द डावीकडे, सूर उजवीकडे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. खाँसाहेबांवर एक आक्षेप त्यांच्या हयातीतही घेतला जायचा. त्यांच्या गाण्यात शब्द स्पष्ट येत नाहीत. बंदिशीची अक्षरं विरघळून जातात. किराणा घराण्यावर आजही हीच टीका होते. मग तरीही ते गाणं इतकं आत का शिरतं?

आवाज कानात शिरला की आतल्या शंखासारख्या भागात त्याची फोड होते. जाड सूर एका टोकाला, बारीक सूर दुसऱ्या टोकाला. हेल्महोल्ट्झचा अंदाज तपशिलात बदलला, पण मूळ कल्पना टिकली. तिथून संदेश मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या वरच्या अंगाला असलेल्या श्रवण भागात जातात.

पुढे मात्र दोन्ही बाजू अगदी सारखं काम करत नाहीत. १८६१ मध्ये फ्रान्सच्या पॉल ब्रोका याने दाखवलं की मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागाला इजा झाली की माणसाचं बोलणं जातं. अशा काही रुग्णांना एक वाक्य बोलता येत नाही, पण ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणता येतं, हेही डॉक्टरांनी पाहिलंय. यावरूनच १९७० च्या दशकात सुरात बोलायला शिकवण्याची एक उपचार पद्धत निघाली.

२०२० मध्ये कॅनडातल्या माँट्रियल इथे फिलिप अल्बुई आणि रॉबर्ट झटोर यांच्या गटाने एक सोपा पण भन्नाट प्रयोग केला. दहा वाक्यं घेतली, दहा चाली घेतल्या आणि प्रत्येक वाक्य प्रत्येक चालीत गाऊन घेतलं. तयार झाल्या १०० ओळी. मग कॉम्प्युटरवर या ओळी दोन पद्धतींनी बिघडवल्या. एकदा काळाचा बारीक तपशील पुसला, म्हणजे आवाज किती झटपट बदलतो ती माहिती. दुसऱ्यांदा सुराचा बारीक तपशील पुसला, म्हणजे कोणती कंपनं किती आहेत ती माहिती. ४९ जणांना या ओळी ऐकवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं.

काळाचा तपशील पुसला की शब्द कळेनासे झाले, पण चाल कळत राहिली. सुराचा तपशील पुसला की चाल गेली, पण शब्द कळत राहिले. स्कॅनमध्ये दिसलं की शब्द ओळखताना डाव्या बाजूच्या श्रवण भागावर भिस्त होती आणि चाल ओळखताना उजव्या बाजूच्या.

कारणही समजण्यासारखं आहे. प आणि ब, त आणि द यांतला फरक सेकंदाच्या शंभराव्या भागांत घडतो. तो पकडायला झटपट कान हवा. सुराचं उलटं आहे. ३०० आणि ३०३.७५ मधला फरक कळायला सूर थोडा वेळ थांबलेला लागतो.

आता खाँसाहेबांची गायकी आठवा. लय संथ. एकेक सूर बराच वेळ धरलेला. व्यंजनांचे ठोके बोथट केलेले, अक्षरं स्वरांत मिसळलेली. म्हणजे शब्दांना लागणारी झटपट माहिती ते कमी करत होते आणि सुराला लागणारी माहिती वाढवत होते. प्रयोगशाळेत कॉम्प्युटरने जे केलं त्यातला अर्धा भाग हा माणूस गळ्याने करत होता, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. शब्द हरवणं हा दोष की निवड, यावर रसिकांनी भांडत राहावं. पण त्याची किंमत काय आणि बदल्यात काय मिळतं, हे आता थोडं कळू लागलंय.

सिंगपेरुमाळकोइल स्टेशन

ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब मद्रासच्या दौऱ्यावर होते. तिथून पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमात गायला जायचं ठरलं. रेल्वेने निघाले. वाटेत छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमाळकोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर त्यांना उतरवलं. प्लॅटफॉर्मवर अंथरूण घातलं. त्यांनी नमाज पढली आणि मग दरबारी रागात अल्लाचं नाव घेत गायले, असं सोबतच्या मंडळींनी पुढे सांगितलं. तिथेच त्यांचा श्वास थांबला. तारीख २७ ऑक्टोबर. पासष्ट पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी होते.

त्यांना मिरजेला आणलं गेलं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर वर्षी तिथे त्यांच्या आठवणीत संगीतसभा भरते. देशभरातले कलाकार हजेरी लावतात. सवाई गंधर्वांच्या नावाने १९५३ पासून पुण्यात जो महोत्सव होतो त्याचंही मूळ शोधत गेलं तर ते याच माणसापाशी येऊन थांबतं.

श्रुती हार्मोनियम विस्मरणात गेली. देवलांचं पुस्तक अभ्यासकांपुरतं उरलं. मोबाईलवरचं साधं फुकट ॲप आज सुराची कंपनं क्षणात दाखवतं. ते चालू करून खाँसाहेबांची झिंझोटी लावली तर काटा सरकत राहील, मध्येच एखाद्या सुरावर येऊन थांबेल. देवल तार जुळवत ज्याची वाट बघत बसायचे, ते हेच थांबणं.